आई किंवा वडील अकाली गेले, खरं कारण घरात कुणी सांगत नाही: विदर्भातल्या खेड्यात शोध कसा घ्यावा

विदर्भातल्या खेड्यांत अकाली मृत्यूसाठी काही ठरलेली वाक्यं आहेत. 'पान लागलं' (म्हणजे साप चावला). 'विहिरीवर पाय घसरला.' 'स्टोव्हचा भडका उडाला.' 'फवारा मारताना औषध लागलं.' 'पोटदुखीले कंटाळला होता.' 'बाहेरचं झालं.' यातलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं. साप चावून, विहिरीत पडून, फवारणीच्या विषबाधेनं माणसं खरोखरच मरतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले, ते सगळ्यांनी पाहिलं. पण हीच वाक्यं पांघरूण म्हणूनही वापरली जातात, आणि लहानपणी ती ऐकलेल्या मुलाला पंचवीस-तिशीत कधीतरी कुणाच्या लग्नात वा तेरवीत दुसरंच काहीतरी ऐकू येतं.

शोध सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. त्या मृत्यूबद्दलचा प्रत्येक कागद आणि प्रत्येक जबाब कुठल्या तरी कामासाठी तयार झालेला आहे. कुणाला मदत मिळवायची होती, कुणाला केस टाळायची होती, कुणाच्या घरातल्या मुलींची लग्नं व्हायची होती, कुणाला प्रकरण लवकर बंद करायचं होतं. कागद हातात आला की त्यात काय लिहिलंय हे वाचाच, पण तो कशासाठी लिहिला गेला हे त्याच्याशेजारी टिपून ठेवा. ही सवय लागली नाही तर पहिल्याच सरकारी कागदाला अंतिम सत्य मानून माणूस घरच्यांशी भांडून बसतो.

आधी घरात सांगा

जे पालक हयात आहेत, समजा आई, तिला विचारण्याआधी नुसतं सांगा: 'आई, मी बाबांचे कागद काढतोय. तुला आत्ता काही सांगायचं नसेल तर नको सांगू.' तुम्ही तलाठ्याकडे किंवा पोलीस पाटलाकडे गेलात की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. आईला ते शेजारणीकडून कळलं तर ती कायमची मिटते, आणि तिचा राग रास्तच असतो. त्या मृत्यूनंतर घर तिनं चालवलं. काय बोलायचं आणि काय गिळायचं हे तिनं तुमच्याकडे पाहूनच ठरवलं असेल.

तिच्यावर दबाव आणू नका. बहुतेक घरांत कागद पुढ्यात आले की आया आपणहून बोलतात, कारण तोवर गुपित राखण्याचं ओझं उतरलेलं असतं.

घरातली पेटी

लोखंडी पेटी, पोथ्यांचं कपाट, माळ्यावरचं गाठोडं, देवघरातल्या फोटोची मागची बाजू. शोधायच्या गोष्टी: जुनं रेशनकार्ड (नाव कोणत्या तारखेला कमी केलं ते त्यावर असतं), शाळा सोडल्याचा दाखला, सेवा सहकारी सोसायटीचं कर्ज पासबुक, कापूस विक्रीच्या पावत्या, एलआयसीचे कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, तेरवीची पत्रिका, मनीऑर्डरच्या पावत्या. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि मूळ कागद जिथला तिथं ठेवा. मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेला हिशेब अनेकदा पुढच्या छापील मजकुरापेक्षा जास्त सांगतो: कुणाला किती दिले, कुणाचे किती द्यायचे.

मृत व्यक्तीची सगळी नावं एका पानावर लिहा. शाळेत रामदास, सातबारावर रामा, सोसायटीत रामभाऊ, गावात भलतंच. आईचं माहेरचं आणि सासरचं नाव, आडनावाची वेगवेगळी रूपं. नोंदी सापडत नाहीत त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं.

तारीख आणि ठिकाण पक्कं करा

घरी तारीख नसते, सण असतो. 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी', म्हणजे तान्हा पोळा. 'अक्षय तृतीयेची घागर भरली त्याच्या आदल्या दिवशी.' त्या वर्षीचं कॅलेंडर किंवा पंचांग काढून तारीख बसवा. अंदाजानं बसवू नका, कारण अधिक महिना आला की सण महिनाभर सरकतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता म्हणून पोळा १४ सप्टेंबरला आला. एरवी तो ऑगस्टातही येतो. वर्षच आठवत नसेल तर धाकट्या भावंडाचं वय, घर बांधल्याचं साल, कर्जमाफीचं साल असे खुंटे धरा.

श्राद्ध घालणाऱ्या घरांत एक खूण तपासून पाहा. पितृपक्षात एरवी ज्या तिथीला माणूस गेला त्या तिथीला श्राद्ध होतं. सौभाग्यवती गेलेल्या बाईचं नवमीला. अपघाती, शस्त्रानं किंवा अनैसर्गिक मृत्यू आलेल्यांचं मात्र चतुर्दशीला करतात. गेल्याची तिथी वेगळी असूनही घरात चतुर्दशीच पाळत असतील, तर त्या वेळच्या वडीलधाऱ्यांनी हा मृत्यू नैसर्गिक मानलेला नव्हता. सर्वपित्रीला करत असतील तर त्यातून काही निघत नाही, ती सगळ्यांसाठीच असते. बौद्ध घरांत किंवा श्राद्ध न घालणाऱ्या समाजांत ही खूण लागू नाही. जाळलं की पुरलं यावरूनही तर्क लढवू नका. विदर्भात कित्येक समाजांत पुरण्याचीच रीत आहे.

मृत्यूचं ठिकाण तारखेइतकंच महत्त्वाचं, कारण मृत्यूची नोंद जिथे माणूस मेला तिथे होते, तो राहत होता त्या गावी नव्हे. विष घेतलेला वा भाजलेला माणूस खेड्यातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला, तिथून नागपूरच्या मेडिकलला किंवा सेवाग्रामला हलवला जातो. नागपुरात गेला असेल तर नोंद महापालिकेकडे. गावच्या ग्रामपंचायतीत नाव नाही म्हणून 'नोंदच केली नाही, म्हणजे काहीतरी लपवलं' असा निष्कर्ष काढणारे बरेच जण असतात, आणि बहुतेकदा नोंद दुसऱ्या गावी शांतपणे पडून असते.

जिल्ह्यांच्या विभागणीकडेही लक्ष ठेवा. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला, वाशिम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. त्याआधीच्या घटनेचे जिल्हा पातळीवरचे कागद जुन्या जिल्ह्यात राहिलेले असू शकतात. तालुके आणि पोलीस ठाणीही अशीच फुटली आहेत. त्या साली गाव कोणत्या ठाण्याच्या हद्दीत होतं, हे पोलीस पाटील सांगू शकतो.

मृत्यूचा दाखला: लागतो, पण कारण सांगत नाही

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. खेड्यात निबंधक ग्रामसेवक, नोंदीची मुदत २१ दिवस. दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलं जात नाही. मूळ कायद्याच्या कलम १७ मध्येच तसं म्हटलंय की कुणालाही दिलेल्या उताऱ्यात कारण उघड करू नये. म्हणजे दाखल्यावर कारण नाही यात संशयास्पद काही नाही.

दाखल्यावर दोन तारखा मात्र असतात: मृत्यूची आणि नोंदणीची. दोन्हींत महिन्यांचं वा वर्षांचं अंतर असेल तर नोंद कुणीतरी नंतर, कामापुरती करून घेतली आहे. काम कोणतं होतं ते शोधा. बहुतेकदा वारस, विमा किंवा मदत. फार जुन्या मृत्यूंसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ मागा. गावच्या कोतवालानं नोंदवलेल्या जन्म-मृत्यूच्या त्या वह्यांत मृत्यूचं कारण एका शब्दात लिहिलेलं सापडू शकतं.

मर्ग: सगळ्यात मोलाची फाईल

विष, गळफास, बुडणं, भाजणं, साप, वीज, अपघात, अचानक मृत्यू, यातलं काहीही असेल आणि पोलिसांना कळलं असेल, तर ठाण्यात मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल झालेला असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. नंबर साधा असतो, वर्षातला अनुक्रमांक आणि वर्ष. मृत्यू मोठ्या दवाखान्यात झाला असेल तर आधी त्या दवाखान्याच्या हद्दीतल्या ठाण्यात नोंद होते आणि मग कागद मूळ ठाण्याकडे वर्ग होतात. दोन्हीकडे विचारावं लागतं.

या फाईलमध्ये असतं ते असं: खबर देणाऱ्याचा जबाब, घटनास्थळ पंचनामा, मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) पाठवला असेल तर रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे जबाब, आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पाठवलेला शेवटचा अहवाल. तोंडी विचारलं तर 'एवढं जुनं कुठं सापडणार' हेच उत्तर मिळतं. म्हणून माहितीच्या अधिकारात लेखी अर्ज करा. जोडपत्र 'अ', १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर शुल्क नाही, कार्डाची प्रत जोडा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. मजकूर असा ठेवा:

'मौजा ____, तालुका ____ येथील ____ (इतर नावे ____) यांचा मृत्यू अंदाजे ____ रोजी झाला. त्याबाबत ____ या कालावधीतील मर्ग नोंदवहीतील संबंधित पानाची, तसेच खबरी जबाब, घटनास्थळ पंचनामा, इन्क्वेस्ट पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषण अहवाल, साक्षीदारांचे जबाब व दंडाधिकाऱ्यांकडे पाठवलेला अंतिम अहवाल यांच्या प्रती मिळाव्यात. कागद नष्ट केले असल्यास नष्ट अभिलेखांच्या यादीतील संबंधित पानाची प्रत द्यावी. मी मृताचा मुलगा / मृताची मुलगी आहे. चौकशी पूर्ण झालेली आहे. घटनेस २० वर्षे झाली असल्याने कलम ८(३) लागू होते.'

शेवटचं वाक्य वीस वर्षं पूर्ण झाली असतील तरच लिहा, पण तेव्हा आवर्जून लिहा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती 'वैयक्तिक आहे' किंवा 'तपासाला बाधा येईल' असं म्हणून नाकारता येत नाही. कलम ८(३) नुसार त्या अपवादांची आडकाठी निघून जाते. अर्जात 'माझे वडील का मेले', 'आरोपी का पकडला नाही' असं काही विचारू नका. हा कायदा असलेले कागद देतो, खुलासे देत नाही, आणि 'का' असलेले अर्ज त्याच कारणानं फेटाळले जातात.

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत जोडपत्र 'ब' वर पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. विदर्भासाठी खंडपीठं नागपूर आणि अमरावतीला आहेत. 'फाईल गहाळ' असं लेखी आलं तर अपिलात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा उल्लेख करून शोध आणि जबाबदारी निश्चित करण्याची मागणी करा. बऱ्याचदा फाईल त्यानंतर सापडते.

ठाण्यात खरंच काही उरलं नसेल तरी दार बंद होत नाही. शेवटचा अहवाल उपविभागीय अधिकारी कार्यालयात गेलेला असतो. शवविच्छेदन जिथे झालं त्या दवाखान्यात शवविच्छेदन नोंदवही आणि मेडिको-लीगल नोंदवही असते. आणि लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत आई गेली असेल, तर शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्याची चौकशी अपेक्षित होती. त्या चौकशीचे कागद तहसीलमध्ये मागा. खासगी दवाखान्याकडून फार आशा ठेवू नका, त्यांच्यावर रुग्णाचे कागद तीनच वर्षं ठेवण्याचं बंधन आहे.

फाईल हातात आल्यावर कशी वाचायची

एकट्यानं वाचू नका. जवळचं, शांत माणूस सोबत बसवा. त्यात मृतदेहाचं वर्णन उघड्या शब्दांत असतं आणि क्वचित फोटोही असतो. ते कागद वाचवेनात, झोप लागेना, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ लागले तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. मराठीत बोलता येतं, दिवसरात्र, मोफत.

पहिल्या वाचनात कारणाकडे जाऊच नका. फक्त वेळा आणि नावं काढा. घटना किती वाजता, पहिल्यांदा पाहिलं कुणी, दवाखान्यात किती वाजता पोचले, मृत्यू किती वाजता, ठाण्यात खबर किती वाजता आणि कुणी दिली. खबर देणारा घरातला सख्खा असेल तर एक अर्थ, पोलीस पाटील असेल तर दुसरा, दवाखान्याचा मेमो असेल तर तिसरा. मृत्यू सकाळी आणि खबर दुसऱ्या दिवशी, असं अंतर दिसलं तर त्या मधल्या काळात कोण कोण बसलं होतं हा तुमचा पुढचा प्रश्न.

पंचांची नावं जपून ठेवा. पंच गावातलेच दोन-चार लोक असतात आणि त्यांनी देह प्रत्यक्ष पाहिलेला असतो. काका-मामांकडून जे निघत नाही ते एखाद्या म्हाताऱ्या पंचाकडून सरळ निघतं.

शवविच्छेदन अहवालात शेवटच्या रकान्यात मृत्यूचं संभाव्य कारण असतं. तिथे 'मत राखून, व्हिसेरा जतन' असं असेल तर डॉक्टरनं त्या दिवशी काही ठरवलेलं नाही. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल यायला हवा आणि त्यावरून अंतिम मत. इथंच साखळी तुटते: अहवाल उशिरा येतो, फाईल तोवर बंद झालेली असते, अंतिम मत कुणी मागितलेलंच नसतं. अहवालात विष आढळलं नाही असं असलं तरी विष नव्हतं हे सिद्ध होत नाही. देह कुजलेला असेल, नमुना नीट जतन झाला नसेल, तर विष हाती लागत नाही. सर्पदंशात तर व्हिसेरातून सहसा काही निघत नाही, तिथे दंशाच्या खुणा आणि दवाखान्यातली लक्षणं महत्त्वाची.

काही नोंदी मात्र बोलक्या असतात. भाजलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत काजळी सापडली का? सापडली असेल तर आग लागली तेव्हा तो श्वास घेत होता. बुडालेल्याच्या श्वासमार्गात फेस, गाळ होता का? गळफासात मानेवरच्या व्रणाचं वर्णन काय आहे? अंगावर दुसऱ्या जखमा लिहिल्यात का, आणि लिहिल्या असतील तर पंचनाम्यातही त्या आहेत का? पंचनाम्यात जखम नाही आणि शवविच्छेदनात आहे, किंवा उलटं, असा फरक दिसला तर न्यायवैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरला दाखवा. अंतिम अर्थ तुम्ही लावू नका. मृत्यूनंतर देहावर उमटणारे डाग आणि मार यातला फरक शिकलेल्या डोळ्यालाच कळतो.

भाजलेल्या बाईच्या फाईलमध्ये मृत्यूपूर्व जबानी शोधा. ती नायब तहसीलदारानं घेतली की हवालदारानं, रुग्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा शेरा आहे का, त्या वेळी खाटेजवळ सासरचं कोण होतं, एक जबानी आहे की दोन. मुलांचं पुढे कसं होईल या भीतीनं 'स्वयंपाक करताना पदर पेटला' असं सांगितल्याच्या आणि नंतरच्या जबानीत वेगळं सांगितल्याच्या फायली विदर्भातल्या न्यायालयांत भरपूर आहेत. गुन्हा दाखल होऊन खटला चालला असेल तर निकालपत्राची आणि साक्षींची नक्कल जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागातून मिळते. साक्ष फिरवलेले साक्षीदार तुमच्याच घरातले निघू शकतात, ही तयारी ठेवा.

तहसीलची पात्र-अपात्र फाईल

वडील शेतकरी होते आणि मृत्यू २००१ नंतरचा असेल, तर तहसीलमध्ये शेतकरी आत्महत्या मदतीचं प्रकरण तयार झालं होतं का ते विचारा. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार पात्र कुटुंबाला १ लाख रुपये मिळत: ३० हजार हाती, ७० हजार वारसाच्या नावानं ठेव. त्यासाठी तलाठ्याचा चौकशी अहवाल, पोलिसांचा अहवाल, सातबारा, बँकेचा किंवा सोसायटीचा थकबाकीचा दाखला, शेजाऱ्यांचे जबाब असं सगळं एकत्र जोडून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जात असे. एका जागी इतके कागद दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत.

पण ही फाईल वाचताना तिचा हेतू डोक्यात ठेवा. पात्र ठरायला कुटुंबाच्या नावावर शेती, अधिकृत कर्ज आणि वसुलीचा तगादा दाखवावा लागे. म्हणून घरच्यांच्या जबाबात कर्ज ठळक होतं आणि बाकीचं सगळं मागे पडतं. अपात्र करायचं असेल तर 'दारूचं व्यसन', 'घरगुती वाद', 'आजार' असे शब्द येतात. तेही कधी खरे, कधी सोयीचे. सावकाराचं कर्ज परवान्याशिवायचं असेल तर ते फाईलमध्ये येतच नाही, आणि कित्येकदा खरा फास तोच असतो. 'अपात्र' शेरा वाचून आपल्या बापाबद्दल मत बनवू नका, एवढं कळकळीनं सांगावंसं वाटतं. तो शेरा मदतीबद्दल आहे, माणसाबद्दल नाही.

शेतकरी अपघात विम्याची फाईल तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. ही योजना २०१५-१६ पासून गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं चालली. तिथं ओढ उलट्या दिशेची असते, कारण आत्महत्येला हा विमा मिळत नसे. एकच मृत्यू एका फाईलमध्ये आत्महत्या आणि दुसरीत अपघात असा दिसला तर दचकू नका. त्या दोन खिडक्या होत्या आणि घरात खाणारी तोंडं होती.

बाकीच्या जागा थोडक्यात. विजेचा धक्का: विद्युत निरीक्षकाचा चौकशी अहवाल. वाघ, रानडुक्कर, अस्वल: वन विभागाचा पंचनामा. वाहन: मोटार अपघात दावा प्राधिकरणाची फाईल. नोकरदार: सेवापुस्तक, कुटुंब निवृत्तिवेतन आणि अनुकंपाचा प्रस्ताव. दारिद्र्यरेषेखालचं घर: राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा अर्ज, तहसीलच्या संजय गांधी शाखेत. वर्तमानपत्रं जिल्हा ग्रंथालयात पाहायला मिळतात. घटनेनंतरच्या आठवडाभराची जिल्ह्याची पानं चाळलीत तर पुरे.

जमिनीचे कागद

मृत्यूच्या आधीची दोन वर्षं आणि नंतरची पाच, या काळातले सातबारा आणि फेरफार सगळे काढा. स्कॅन झालेले जुने अभिलेख 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागा. वारस फेरफारात मृत्यूची तारीख, अर्ज कुणी केला आणि वारस कोण दाखवले ते असतं. आईचं नाव आहे का? बहिणींची आहेत का? अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलांपुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) म्हणून कुणाचं नाव लागलं?

मरणाच्या काही महिने आधी झालेलं विक्रीपत्र, किंमत बाजारभावाच्या मानानं फारच कमी, आणि जमीन मात्र नंतरही आपलेच लोक वाहत होते, असं दिसलं तर ते सावकारी गहाण असण्याची दाट शक्यता आहे. वऱ्हाडात हीच पद्धत रूढ होती: कागद विक्रीचा, व्यवहार व्याजाचा. दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक २ आणि दस्ताची प्रत काढा, साक्षीदारांची नावं पाहा. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ च्या कलम १८ खाली अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मागण्याचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो, पण व्यवहार अर्जाच्या तारखेपासून मागे १५ वर्षांच्या आतला हवा. अज्ञानपणी तुमची जमीन पालकानं कोर्टाच्या परवानगीशिवाय विकली असेल तर त्या विक्रीला आव्हान देण्याची मुदत सज्ञान झाल्यापासून तीनच वर्षं. त्यामुळे जमिनीचे कागद शेवटी ठेवू नका. गुपित वाट पाहू शकतं, मुदत पाहत नाही.

माणसांशी बोलणं

कागद हाती आल्यावरच लोकांकडे जा. तेव्हा तुम्हाला वेळ, जागा, नावं माहीत असतात आणि बोलणारा थापा मारू शकत नाही. आधी बाहेरचं वर्तुळ: शेजारच्या वावराचे धनी, पंच, जुना पोलीस पाटील, ज्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं तो, सालदार असेल तर सालदार. मग मावशी, आत्या, मोठे बाबा. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याकडे सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच.

माणूस एकटा असताना बोला. चार लोकांत विचारलं की चौघांची मिळून एकच गोष्ट तयार होते. बायका वेचणीला वा निंदणाला असताना शेजारी बसून बोलणं ओसरीवर समोरासमोर बसण्यापेक्षा सोपं जातं. 'बाबांनी असं का केलं?' हा प्रश्न विचारू नका. त्याला फक्त ऐकीव उत्तर असतं. असं विचारा: 'मावशी, त्या दिवशी तू घरी होती का वावरात?' 'बाबाले सगळ्यात आधी कोनं पाह्यलं?' 'गाडी कोनाची आनली होती?' 'आंघोळ कोनं घातली?' देहाला शेवटची आंघोळ घालणाऱ्यानं अंग पाहिलेलं असतं. मग गप्प बसा. दोन मिनिटांच्या शांततेनंतर जे येतं तेच बहुधा खरं असतं.

चोरून रेकॉर्डिंग करू नका. उघडकीला आलं तर सगळं गाव तुमच्याशी बोलायचं थांबेल. त्याच संध्याकाळी वहीत लिहून काढा आणि प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करा: स्वतः पाहिलं, दुसऱ्याकडून ऐकलं, की वाटतं. ऐकलेलं असेल तर कुणाकडून. पाच जण तेच सांगतात म्हणून पाच साक्षीदार धरू नका. पाचही जणांनी एकाच काकांकडून ऐकलं असेल तर साक्षीदार एकच. सांगणारा त्या वेळी किती वर्षांचा होता तेही लिहा. करणी-भानामतीची गोष्ट आली तर हसण्यावारी नेऊ नका. कुणावर आळ घेतला गेला, त्या माणसाचं घराशी वैर कशावरून होतं, हा त्यातला कामाचा भाग.

आजारानं मृत्यू असेल तर

कधीकधी लपवलेली गोष्ट आजार असते: क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, सिकलसेल. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाटच्या पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे आणि तो आई-वडिलांकडून येतो. 'नेहमी अंग दुखायचं, सांधे धरायचे, रक्त कमी होतं, डोळे पिवळे' असं वर्णन ऐकलं तर बाकीचा शोध बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतःची आणि भावंडांची तपासणी करून घ्या. सोल्युबिलिटी चाचणी आधी, ती पॉझिटिव्ह आली तर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. लग्न ठरायच्या आधी हे कळणं फार गरजेचं आहे. चाळिशीच्या आत छातीत दुखून गेले असतील तर तेही तुमच्या डॉक्टरला सांगा.

जुळवणी आणि पुढचं पाऊल

एका मोठ्या कागदावर तासवार ओळ काढा. एका रंगानं कागदांतलं, दुसऱ्यानं माणसांचं. दोन्ही जिथं जुळतात ते पक्कं धरा. जिथं जुळत नाहीत तिथं दोन्ही विधानं ठेवा आणि प्रत्येकाचा त्या वेळचा फायदा काय होता ते शेजारी लिहा. काही जागा रिकाम्या राहतील. त्या अंदाजानं भरू नका.

गुन्ह्याचा वास आला तर संशयिताला जाब विचारायला जाऊ नका आणि व्हॉट्सअॅपवर काही टाकू नका. कागदांच्या प्रती घेऊन वकिलाकडे जा. परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खुनासारख्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते, आणि १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला जुनं भारतीय दंड विधानच लागू होतं. तरीही देह नाही, व्हिसेरा नाही, अर्धे साक्षीदार वारलेले, अशा प्रकरणात शिक्षा होणं अवघड असतं. हे वकिलाकडून आधी स्पष्ट ऐकून घ्या आणि मग घरच्यांशी बोलून ठरवा.

आत्महत्या निघाली तर भावंडांना एकत्र बसवून एकदाच, साध्या शब्दांत सांगा. तुकड्यातुकड्यानं कळलं तर प्रत्येकाच्या मनात वेगळी गोष्ट तयार होते, आणि बहुतेकदा त्यात आईला दोषी ठरवलं जातं. आईला मात्र ते तुम्ही आधी, वेगळं सांगा, आणि भावंडांना सांगताना ती बसणार की नाही हे तिला ठरवू द्या.

सगळ्या कागदांचे दोन संच करा. एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. वाळवी आणि पावसाचं पाणी यांच्यापासून जपायला प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, पण लॅमिनेशन करू नका. मूळ कागद पुढे कोर्टात द्यावा लागला तर त्यावरची शाई आणि शिक्का तपासता यायला हवेत. दाखल्यातलं नाव किंवा तारीख चुकलेली असेल तर निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज आत्ताच करून टाका, आणि वारस नोंदीत राहून गेलेल्या बहिणींची नावं लावण्यासाठी तलाठ्याकडे जाताना हाच संच सोबत घ्या.